अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर : शोकाकुल कुटुंबांशी अवयवदानाविषयीचा संवाद

अवयवदानाविषयीचे मराठीतील बहुतेक लेखन आवाहनाच्या स्वरूपाचे असते. एका मृत व्यक्तीमुळे आठ जणांपर्यंत जीवदान मिळू शकते, प्रतीक्षायाद्या लांबत चालल्या आहेत, संकल्पपत्र भरून द्यावे, असे त्याचे सार असते आणि ते चुकीचे मुळीच नाही. परंतु मरणोत्तर अवयवदानाचा निर्णय प्रत्यक्षात संकल्पपत्र भरणाऱ्याच्या हाती उरत नाही, तो त्याच्या माघारी आणि बहुधा काही तासांच्या अवधीत त्याचे आईवडील, पत्नी, मुले, भावंडे यांना घ्यावा लागतो. दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवलेल्या इच्छेला कायद्यात महत्त्व असले, तरी भारतातील रुग्णालये कुटुंबाच्या लेखी संमतीवाचून अवयव काढून घेत नाहीत, आणि ही प्रथा योग्यच आहे. म्हणून ज्यांना आपले माणूस गेल्याचे नुकतेच कळले आहे, किंवा अजून कळायचे आहे, त्यांच्याशी कोणी, केव्हा, कोठे आणि कोणत्या शब्दांत बोलावे हा या विषयाचा गाभा ठरतो. प्रस्तुत लेख त्याच संवादाविषयी आहे. मृत्यू समजण्याआधी कुटुंबाकडे दान मागणे क्रूरही आहे आणि निष्फळही, ही त्याची मध्यवर्ती भूमिका आहे.

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटासारख्या गावापासून या विषयाचा विचार सुरू करण्याला कारण आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील या गावात एखाद्याला घरी मरण आले, तर त्याचे डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढून घेता येतात, कारण डोळ्याच्या पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला, थेट रक्तपुरवठा नसतो. नेत्रपेढीचे पथक वेळेत पोहोचले तर हे काम घरीही होऊ शकते. त्वचादानाचेही तसेच आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसे यांचे मात्र तसे नाही. हृदय थांबले की हे अवयव काही मिनिटांत निकामी होऊ लागतात, म्हणून सध्याच्या भारतीय व्यवस्थेत ते घरी वारलेल्या माणसाकडून मिळत नाहीत. ज्याचा मेंदू कायमचा थांबला आहे, पण ज्याचे रक्ताभिसरण अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्राच्या आधारे टिकून आहे, मरणोत्तर ते बहुतेक वेळा अशाच व्यक्तीकडून घेतले जातात. दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या देऊळघाटच्या तरुणाला आधी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, तेथून अकोल्याला किंवा दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हलवले जाते, आणि अवयवदानाचा प्रश्न निघालाच तर तो तेथे निघतो. याचा अर्थ असा की, देऊळघाटच्या माणसाच्या अवयवदानाचा निर्णय देऊळघाटात होत नाही. घर, शेजार, गल्लीतील जाणती माणसे, गावचा डॉक्टर, मशिदीतील इमाम किंवा विहारातील भन्ते यांपैकी कोणीही जवळ नसताना, परक्या शहरात, दोन-तीन रात्री जागरण झालेल्या चार-सहा माणसांना तो घ्यावा लागतो. शहरी कुटुंबांसाठी तयार झालेले संवादाचे नमुने येथे अपुरे पडतात ते यामुळे.

मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला जोडणारा जो भाग असतो त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास घेण्याची आज्ञा तेथून सुटते, आणि जागे राहण्याची क्षमताही त्याच्यावर अवलंबून असते. गंभीर इजेनंतर कवटीच्या आत सूज किंवा रक्तस्राव वाढत गेला, की कवटी हाडाची असल्याने दाबाला बाहेर वाट मिळत नाही. एका मर्यादेनंतर मेंदूकडे येणारे रक्तच थांबते आणि मस्तिष्कस्तंभ मरतो. त्यानंतर माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही, पुन्हा शुद्धीवर येऊ शकत नाही. हृदयाला मात्र ठोक्यांसाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते, कारण त्याची लय त्याच्याच भिंतीतील विशिष्ट पेशींच्या पुंजक्यातून निर्माण होते. यंत्राने प्राणवायू मिळत राहिला तर ते काही तास, कधी काही दिवस चालू राहते. कोमा या अवस्थेपासून हे वेगळे आहे, कारण कोमातील रुग्णाचा मेंदू जिवंत असतो आणि तो शुद्धीवर येण्याची शक्यता कमी-अधिक प्रमाणात उरलेली असते.

वैद्यकशास्त्राला ही अवस्था श्वसनयंत्रांमुळेच प्रथम दिसली. १९५९ मध्ये फ्रेंच वैद्यकांनी कोमाच्याही पलीकडची अवस्था म्हणून तिचे वर्णन केले आणि १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने तिचे निकष मांडले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा केपटाऊनमधील जगातील पहिल्या हृदय प्रत्यारोपणाला अवघे अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूचा मृत्यू म्हणजे मृत्यू असे मानणारा कायदा भारतात येण्यास मात्र पुढे पंचवीसहून अधिक वर्षे लागली. मूत्रपिंडांचा बाजार रोखणे आणि मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांचे दान शक्य करणे, असे दोन हेतू एकत्र ठेवून १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. भय आणि आशा अशी एकाच कायद्यात नांदत आली आहेत. कुटुंबाच्या मनातही ती एकत्रच असतात.

या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ मस्तिष्कस्तंभ मृत्यूचे प्रमाणपत्र देते. त्यात रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचे शल्यविशारद, आणि उपचार करणारे डॉक्टर असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही त्यात नसते. तपासण्यांचा संच दोनदा केला जातो आणि दोहोंमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवले जाते. बुबुळांवर उजेड टाकून ती आकसतात का, डोळ्याच्या पटलाला कापसाचा स्पर्श केल्यावर पापणी हलते का, घशात नळी फिरवल्यावर खोकला येतो का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे वळतात का, हे पाहिले जाते. शेवटची तपासणी श्वासाची असते. रुग्णाला आधी पुरेसा प्राणवायू देऊन ठेवतात, मग श्वसनयंत्र सोडवून नळीतून प्राणवायू चालू ठेवतात आणि डॉक्टर त्याच्या उघड्या छातीकडे व पोटाकडे आठ-दहा मिनिटे बघत उभे राहतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मस्तिष्कस्तंभाचा थोडासाही अंश जिवंत असेल तर तो श्वासाची धडपड केल्याशिवाय राहणार नाही, इतका वाढतो. त्या पातळीलाही छाती हलली नाही, तर ती पुन्हा कधी आपणहून हलणार नाही असा त्याचा अर्थ होतो. काही देशांतील रुग्णालयांत ही तपासणी पाहण्याची मुभा नातेवाइकांना दिली जाते. ज्यांना पाहण्याची इच्छा असेल त्यांना ती आपल्याकडेही मिळावी, कारण यंत्रामुळे हलणारी छाती पाहून ‘श्वास तर चालू आहे’ असे म्हणणाऱ्या बापाला, यंत्र सोडवल्यावर स्थिर राहिलेली छाती जे सांगते ते कोणत्याही डॉक्टरला शब्दांत सांगता येत नाही.

तपासण्यांच्या आधीची एक अट विदर्भासारख्या प्रदेशात विशेष महत्त्वाची आहे. मण्यारीच्या दंशाने होणारा पक्षाघात इतका पूर्ण असू शकतो की बुबुळे विस्फारलेली, अंग निश्चल आणि श्वास बंद अशा अवस्थेतील रुग्ण मेंदूमृत भासतो, आणि तरीही यंत्रावर ठेवून उपचार केल्यास तो काही दिवसांत उठून बसू शकतो. शेतातील कीटकनाशकांच्या विषबाधेनेही असा आभास निर्माण होऊ शकतो. म्हणूनच कारण निश्चित माहीत असल्याशिवाय, आणि विष, गुंगीची औषधे, शरीराचे फार घसरलेले तापमान या गोष्टी वगळल्याशिवाय तपासण्या सुरूच करायच्या नाहीत, असा नियम आहे. गावाकडे साप चावून ‘मेलेला’ माणूस परत आल्याच्या हकिगती सांगितल्या जातात त्यांना अंधश्रद्धा म्हणून हसण्याचे कारण नाही. नातेवाइकांपैकी कोणी अशी हकिगत काढून शंका विचारली तर तिच्यामागे खरे निरीक्षण असू शकते हे मान्य करून, त्यांच्या माणसाच्या बाबतीत ती शक्यता कशी वगळली, हे स्कॅनमधील रक्तस्राव दाखवून सांगावे लागते.

अतिदक्षता विभागाबाहेरची स्थिती अशी असते. जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरलेली, पिशवीत डबे, चार्जिंगला लावलेला मोबाईल, औषधांच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी, आणि दर काही वेळाने गावाहून येणारा तोच फोन. आत एका वेळी एकालाच सोडतात. आत गेलेल्या माणसाला अंग गरम लागते, पडद्यावर ठोक्यांची रेषा दिसते, लघवीची पिशवी भरलेली दिसते; कधी मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रियेमुळे बोट किंवा हात हललेलाही दिसतो. ही हालचाल मेंदूकडून येत नाही, हे आधी सांगून ठेवले नसेल तर डॉक्टरांचे पुढचे प्रत्येक वाक्य खोटे वाटू लागते. बाहेर आल्यावर तो सांगतो की हात हलला. बाहेरचे सगळे उठून उभे राहतात. याच घडीला कोणी अनोळखी माणूस येऊन अवयवदानाविषयी बोलू लागला तर त्याचा एकच अर्थ लावला जातो, आणि तो लावणाऱ्यांना दोष देता येत नाही.

यासाठी संवादाचे दोन टप्पे वेगळे ठेवण्याची पद्धत जगभर रुजली आहे. पहिल्या टप्प्यात उपचार करणारे डॉक्टर मृत्यूची वार्ता देतात, आणि त्या बोलण्यात अवयवांचा उल्लेखही नसतो. कुटुंबाला ती वार्ता पोहोचली आहे याची खूण दिसल्यानंतरच दुसऱ्या टप्प्यात प्रत्यारोपण समन्वयक, म्हणजे या कामासाठी प्रशिक्षित आणि कायद्याने नेमणे आवश्यक असलेला कर्मचारी, दानाचा पर्याय समोर ठेवतो. ही खूण ओळखता येते. ‘कधी बरा होईल’ हा प्रश्न थांबून ‘घरी कधी नेता येईल’ हा प्रश्न येतो, कोणीतरी रडू लागते, कोणी गावाकडे फोन करून तयारीला लागायला सांगते. ती दिसेपर्यंत थांबणे ही या कामातील सर्वांत अवघड शिस्त आहे, कारण मेंदूमृत शरीराचा रक्तदाब घसरत जातो आणि वेळ अवयवांच्या विरुद्ध धावत असतो. तरीही थांबावे लागते. मृत्यूची वार्ता देताना आडवळणेही टाळावी लागतात. ‘मेंदू काम करत नाही’, ‘आता देवाच्या हाती’, ‘मशीनवर जिवंत आहे’ ही वाक्ये दयाळूपणाने बोलली जातात आणि कुटुंबाला खोट्या आशेत अडकवतात. माणसाचे नाव घेऊन, तो गेला आहे, असे सांगणे बोलणाऱ्यालाही जड जाते, पण पुढच्या सगळ्या बोलण्याची सचोटी त्या एका वाक्यावर उभी असते.

येथे भारतीय कायद्यातील एक विसंगती संवादात काट्यासारखी आडवी येते. मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारी व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे; जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे, एवढेच म्हटले आहे. त्यामुळे कुटुंबाने संमती दिली तर दुसऱ्या तपासणीची वेळ ही मृत्यूची वेळ ठरते, आणि नकार दिला तर अनेक रुग्णालये कायद्याच्या धास्तीने यंत्र चालूच ठेवतात व हृदय थांबण्याची वाट पाहतात. ‘गेला आहे म्हणता, मग मशीन का काढत नाही, आणि बिल कशाचे चालू आहे’, हा प्रश्न अशा वेळी कुटुंबातील सर्वांत कमी शिकलेला माणूस विचारतो, आणि तो अचूक असतो. केरळ सरकारने २०२० मध्ये मेंदूच्या मृत्यूची घोषणा दानाच्या संमतीपासून वेगळी करणारे मार्गदर्शन केले. महाराष्ट्राने आणि केंद्रानेही त्या दिशेने जाणे आवश्यक आहे, कारण होकारावर अवलंबून असलेला मृत्यू कोणालाही समजावून सांगता येत नाही.

नकाराची कारणे वारंवार तीच आढळतात, आणि त्यांतील बहुतेक विचारांती आलेली असतात. शरीराची विटंबना होईल ही भीती असते. अवयव काढण्याची शस्त्रक्रिया इतर कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेप्रमाणे होते, टाके नीट घातले जातात आणि कपडे घातल्यावर चेहरा व देह पूर्ववत दिसतो, हे सांगितल्यावर ती पुष्कळदा ओसरते. अंत्यविधीला उशीर होईल ही भीती मात्र खरी आहे. संमतीनंतर अवयवांच्या तपासण्या, विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीमार्फत रुग्णांची निवड, शस्त्रक्रियेची तयारी यांत बराच काळ जातो; अपघाताचे प्रकरण असेल तर पोलिसांचा पंचनामा, त्यांचे ना-हरकत पत्र आणि शवविच्छेदन, ज्याला लोक पीएम म्हणतात, तेही असते. अपघात एका जिल्ह्यात आणि रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दोन पोलीस ठाण्यांशी गाठ पडते. सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, ती मुख्यतः अवयवदान सुकर व्हावे म्हणून. तथापि देह गावी पोहोचायला दुसरा दिवस उजाडू शकतो, हे समन्वयकाने संमतीपूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे. देऊळघाटात पाहुणे जमून बसलेले असतात आणि फोनवर त्यांना उत्तर देणे रुग्णालयात थांबलेल्या याच नातेवाइकांच्या वाट्याला येते. त्याचप्रमाणे संमतीनंतर देह टिकवण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असा नियम आहे. तो त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावा, कारण पैशाविषयी विचारणे त्यांना त्या क्षणी अपमानास्पद वाटते.

अविश्वास हे सर्वांत खोल कारण आहे. मूत्रपिंडांच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या गावोगाव पोहोचलेल्या असतात, आणि सरकारी रुग्णालयात मरणाऱ्या गरिबाचे हृदय खासगी रुग्णालयातील धनवानाला मिळते, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येत नाही, कारण हृदय किंवा यकृत प्रत्यारोपणाचा खर्च लाखोंत जातो आणि प्रतीक्षायादीत नाव येण्यासाठी तो पेलण्याची ऐपत असावी लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे आणि त्याची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. ही पावले योग्य असली तरी विषमता मिटलेली नाही. समन्वयकाने ती झाकू नये. अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती यादी आणि निकष यांनुसार करते, डॉक्टर स्वतः ते ठरवत नाहीत, विकत घेणे व देणे दोन्ही गुन्हे आहेत, इतके त्याला खात्रीने सांगता येते. त्यापुढच्या प्रश्नाला ‘आपले म्हणणे बरोबर आहे’ असे उत्तर देण्याचे धैर्य त्याच्याजवळ असावे.

निर्णय कोण घेते, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत सोपा आणि ओसरीवर अवघड आहे. कायद्याच्या निकटच्या नातेवाइकांत पती-पत्नी, मुले, आईवडील, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे येतात. प्रत्यक्षात बोलणी चुलते, मामा, मेहुणे, कधी सरपंच किंवा पोलीस पाटील करतात, आणि तरुण विधवा कोपऱ्यात दोन बायकांच्या आधाराने बसलेली असते. तिची सही घेतली जाते, पण तिला विचारले जातेच असे नाही. राष्ट्रीय आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या काळातील जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत सुमारे ६४ टक्के स्त्रिया होत्या. स्वतःच्या शरीरातून देण्यासाठी ज्यांना सहज पुढे केले जाते, त्यांनाच पतीच्या देहाविषयीच्या निर्णयात मागे ठेवले जाते, हे मान्य करण्याजोगे नाही. समन्वयकाने, शक्यतो स्त्री समन्वयकाने, तिच्याशी वेगळे, जमिनीवर तिच्या शेजारी बसून बोलावे आणि तिचा नकार असेल तर वडीलधाऱ्यांच्या होकारानंतरही थांबावे. यात काही दाने हातची जातील. ती जाऊ द्यावीत, कारण अन्यथा त्या स्त्रीला पुढील आयुष्यभर दीर आणि सासरे यांनी केलेल्या दानाचे ओझे वाहावे लागते.

धर्माविषयी बोलताना समन्वयकांना दधीची ऋषींचा दाखला देण्याचा मोह होतो. देहदानाच्या चळवळीने तो दाखला महाराष्ट्रात घरोघर पोहोचवला आणि संकल्प करणाऱ्या व्यक्तीसमोर तो शोभतोही. परंतु दधीचींनी स्वतःची हाडे दिली होती, मुलाची नव्हेत. ज्या आईकडे तिच्या मुलाच्या देहाविषयी विचारणा होते आहे तिला हा दाखला देणे म्हणजे तिच्या शोकावर पुण्याची सक्ती करणे होय. मिश्र वस्तीच्या गावांतील मुस्लिम कुटुंबांना दफनाला उशीर नको असतो आणि देहाची अखंडता महत्त्वाची वाटते. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथे मेंदूच्या मृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली आणि १९८८ मध्ये जेद्दा येथे अटींसह प्रत्यारोपणाला अनुमती दिली. भारतातील उलेमांत मात्र याविषयी एकमत नाही. अशा वेळी शास्त्रार्थ करणे समन्वयकाचे काम नसते. कुटुंबाचा ज्या इमामावर विश्वास आहे त्यांच्याशी फोनवर बोलण्यास वेळ आणि निवांत जागा देणे, आणि ते म्हणतील ते मान्य करणे, एवढेच त्याचे काम असते. हिंदू घरांत या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी अंधत्व येईल अशी समजूत अजून ऐकू येते. ती बहुधा घरातीलच एखादी वृद्धा दूर करते, बाहेरच्याने दूर करायला गेल्यास ती घट्ट होते.

स्पेनचे उदाहरण या विषयावरील प्रत्येक लेखनात येते आणि पुष्कळदा चुकीच्या कारणासाठी येते. त्या देशात १९७९ पासून, नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरणारा कायदा आहे, म्हणून तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे चाळीसहून अधिक मरणोत्तर दाते मिळतात, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात कायदा झाल्यावर पहिल्या दशकात तेथे फारसा फरक पडला नव्हता. १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक, तेही बहुधा अतिदक्षता विभागातील डॉक्टर, नेमले गेल्यानंतर तो पडला, आणि गृहीत संमतीचा कायदा असूनही तेथे कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेतले जात नाहीत. भारतात २०१३ मध्ये सर्व मिळून पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणे झाली होती, ती २०२३ मध्ये अठरा हजारांवर गेली. पण त्या वर्षीचे मरणोत्तर दाते अवघे १,०९९ होते, म्हणजे दर दहा लाखांमागे एकही नाही. उरलेले बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले आहेत. कायदा कडक करून ही दरी भरणार नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास पाया बऱ्यापैकी घातलेला आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद येथे विभागीय समित्या आहेत. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून मुंबईत मुलुंडला नेलेल्या हृदयाने आणि जानेवारी २०१६ मध्ये औरंगाबादहून विमानाने मुंबईला गेलेल्या हृदयाने या विषयाला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणले. रुग्णवाहिकेसाठी रस्ता मोकळा ठेवण्याच्या ग्रीन कॉरिडॉरची दृश्ये लोकांच्या लक्षात राहिली. हृदय बाहेर काढल्यापासून साधारण चार तासांत बसवावे लागते, म्हणून ती धावपळ खरीच आवश्यक असते. मात्र रुग्णवाहिका निघून गेल्यानंतर मागे राहिलेल्या कुटुंबाकडे कोणाचे लक्ष जात नाही. देह मिळायचा असतो, कागद व्हायचे असतात, गावाकडचा लांबचा रस्ता उरलेला असतो. समन्वयकाने त्यांच्यासोबत शेवटपर्यंत थांबावे, शववाहिकेची व्यवस्था लावून द्यावी, तेराव्याच्या किंवा चाळिसाव्याच्या सुमारास फोन करावा, आणि अवयव कोणाला बसले हे गोपनीयतेमुळे नावानिशी सांगता येत नसले तरी ती माणसे कशी आहेत एवढे तरी कळवावे. नकार दिलेल्या कुटुंबालाही शववाहिका आणि सोबत तितकीच मिळाली पाहिजे. ती मिळते की नाही यावरून रुग्णालयाचा हेतू ओळखता येतो, आणि गाव तो ओळखतेच.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत बुलढाण्याचे महाविद्यालय आहे. तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांना देऊळघाट, मढ, धाड अशा गावांतील माणसांना मृत्यूची वार्ता द्यावी लागेल, आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून संवाद व नीतिमूल्ये हा भाग सक्तीचा असल्याने ती कशी द्यावी हे शिकवण्यास जागाही आहे. त्या तासांना विद्यार्थ्यांसमोर केवळ चित्रफिती न लावता, ज्या कुटुंबांनी होकार दिला त्यांना, आणि त्यांची इच्छा असेल तर ज्यांनी नकार दिला त्यांनाही, सन्मानाने बोलवावे. जिल्हा रुग्णालयात आणि महाविद्यालयाच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागालगत एक छोटी बंद खोली, दहा माणसे बसतील इतक्या खुर्च्या किंवा सतरंजी, पिण्याचे पाणी आणि दाराला आतून कडी एवढी सोय करावी. तिला खर्च फारसा नाही. आणि वाचकाने, संकल्पपत्र भरले असो वा नसो, आपल्या मनात काय आहे ते घरच्यांना, विशेषतः पत्नीला, पतीला आणि आईवडिलांना, स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावे, म्हणजे परक्या शहरातील त्या रात्री त्यांना अंदाज बांधत बसावे लागणार नाही.